गेमिंगचा पहिला संगणक : पैसा कोठे घालावा, कोठे वाचवावा

कापडाचा धंदा करणाऱ्या माणसाने संगणकाच्या सुट्या भागांवर लिहावे, याचे काही वाचकांना नवल वाटेल. परंतु माल कोणताही असो, खरेदीची रीत एकच असते. आधी गरज ओळखायची, मग माल पारखायचा, मग दाम ठरवायचे आणि शेवटी पक्के बिल घेऊनच पैसे मोजायचे. सुताचा काउंट आणि कापडाचा पन्हा न विचारता कोणी ताग्याचा सौदा करीत नाही. पण तोच व्यापारी मुलासाठी संगणक घ्यायला निघाला, की दुकानदाराने सांगितलेल्या एका आकड्यावर मान डोलावतो आणि ऐंशी-नव्वद हजार रुपये मोजून मोकळा होतो.

वसई, नालासोपारा, विरार या पट्ट्यात अशी खरेदी करणारी घरे आता थोडीथोडकी नाहीत. वालीव, सातिवली, गोखिवरे येथील गाळ्यांत राबणारे कारागीर, शिलाईचे छोटे कारखानदार, भरतकामाची यंत्रे चालविणारे, किराणा व कपड्याचे दुकानदार, या सर्वांची मुले आज गेमिंगचा संगणक मागतात. मोठ्या व्यापाऱ्याला ही रक्कम जड वाटणार नाही, पण कारागिराच्या घरात ती एका हंगामाची बचत असते. ती चुकीच्या जिनसात गेली तर परत येत नाही. म्हणून भाग कसे निवडावेत, कोठे हात सैल सोडावा आणि कोठे आखडावा, हे या लेखात पाहू.

तयार घ्यावा की जोडून?

गेमिंगचा लॅपटॉप दिसायला सुटसुटीत असतो. परंतु तेवढ्याच दामात जोडून घेतलेला संगणक अधिक वेगाने चालतो. लॅपटॉपचे ग्राफिक्स आणि प्रोसेसर बहुधा बोर्डावरच पक्के बसविलेले असतात. चार वर्षांनी वेग कमी पडू लागला, तर सगळे यंत्रच बदलावे लागते. जोडलेल्या संगणकात मात्र जो भाग जुना झाला तेवढाच काढून नवा बसविता येतो. शिलाई मशीनची मोटर जळली म्हणून कोणी मशीन भंगारात देत नाही, तसेच हे. शिवाय प्रत्येक भागाची हमी वेगळी असते आणि कोणत्या भागाला किती पैसे गेले, हे आपल्याला बिलावर दिसते.

दुकानात तयार जोडून ठेवलेले ‘गेमिंग पीसी’ही मिळतात. ते वाईटच असतात असे नाही. पण त्यांच्या जाहिरातीत प्रोसेसरचे नाव मोठ्या अक्षरांत आणि एसएमपीएसचे नाव कोठेच नाही, असे पुष्कळदा आढळते. जे नाव छापलेले नाही, पैसा तेथेच वाचविलेला असतो. असा संगणक घ्यायचाच असेल, तर आठही भागांची कंपनी व मॉडेल यांची यादी आधी लिहून मागावी.

आधी गरज कागदावर लिहा

मुलगा किंवा मुलगी कोणते खेळ खेळणार, हा पहिला प्रश्न. व्हॅलोरंट किंवा काउंटर स्ट्राइक २ यांसारखे स्पर्धेचे खेळ तुलनेने हलके आहेत. सायबरपंक २०७७ सारखे भव्य देखाव्याचे खेळ मात्र यंत्राचा पूर्ण कस पाहतात.

दुसरा प्रश्न पडद्याचा. पहिल्या मध्यम बजेटच्या संगणकाला १९२० गुणिले १०८० ठिपक्यांचा, २४ इंचांच्या आसपासचा मॉनिटर योग्य. त्याहून बारीक ठिपक्यांचा पडदा घेतला, तर तो भरण्यासाठी ग्राफिक्स कार्डही महाग घ्यावे लागते. पडदा एका सेकंदात किती वेळा चित्र बदलतो, हे हर्ट्झमध्ये मोजतात. साधा मॉनिटर ६० हर्ट्झचा असतो. गेमिंगसाठी १०० ते १८० हर्ट्झचे मॉनिटर आता मध्यम दामात मिळतात. हाताला आणि डोळ्याला हा फरक लगेच जाणवतो.

तिसरा प्रश्न घरच्या कामाचा. याच संगणकावर दुकानाचे हिशोब, जीएसटीची विवरणपत्रे, भरतकामाच्या डिझाइनची फाइल किंवा व्हिडिओचे काम होणार असेल, तर मेमरी आणि साठवणीची जागा थोडी जास्त ठेवावी. गेमिंगचे यंत्र ही सर्व कामे सहज करते. हिशोबासाठी घेतलेले साधे यंत्र मात्र गेमिंग करू शकत नाही.

शंभर रुपयांची वाटणी

आज मध्यम बजेट म्हणजे मॉनिटरसह साधारण ८० हजार ते १ लाख रुपये, असे धरून चालू. सुताप्रमाणेच या बाजारातही भाव चढतात-उतरतात, म्हणून रुपयांपेक्षा वाटा लक्षात ठेवणे बरे. दर १०० रुपयांची वाटणी साधारण अशी असावी :

ग्राफिक्स कार्ड – ३५
प्रोसेसर – १५
मदरबोर्ड – ११
रॅम – ११
मॉनिटर – १०
एसएसडी – ८
एसएमपीएस – ६
कॅबिनेट – ४

म्हणजे ९० हजारांच्या खरेदीत सुमारे ३१,५०० रुपये कार्डाला आणि ५,४०० रुपये एसएमपीएसला जातील. कीबोर्ड, माउस आणि यूपीएस यांचे पैसे निराळे बाजूला ठेवावेत. दोन-चार रुपये इकडेतिकडे झाले तर बिघडत नाही. पण कोणी प्रोसेसरला ३५ आणि कार्डाला १५ अशी उलटी वाटणी करून दिली, तर तो संगणक हिशोबासाठी उत्तम आणि खेळासाठी लंगडा ठरेल. भिवंडीत माग चालविणाऱ्याला हे सांगायला नको. माग कितीही वेगाचा असो, कांडी वेळेवर भरून आली नाही तर तो उभाच राहतो.

ग्राफिक्स कार्ड : खेळाचा खरा कारागीर

पडद्यावरचे चित्र हे कार्ड तयार करते. एनव्हिडिया, एएमडी आणि इंटेल या तीन कंपन्या त्याची मुख्य चिप बनवितात. त्यांच्या चिपा घेऊन निरनिराळ्या कंपन्या आपापली कार्डे बाजारात आणतात.

मध्यम बजेटात एनव्हिडियाचे आरटीएक्स ५०६० (मे २०२५), एएमडीचे आरएक्स ९०६० एक्सटी (जून २०२५) आणि इंटेलचे आर्क बी५८० (डिसेंबर २०२४) ही नावे विचारात घ्यावीत. कार्डाची स्वतःची मेमरी किती आहे, हे अवश्य पाहावे. आरटीएक्स ५०६० मध्ये ८ जीबी असते आणि आर्क बी५८० मध्ये १२ जीबी. आरएक्स ९०६० एक्सटी मात्र एकाच नावाने ८ आणि १६ जीबी अशा दोन प्रकारांत मिळते. तेव्हा बिलावर आकडा लिहून घ्यावा. हलक्या खेळांना ८ जीबी पुरते. पाच वर्षे संगणक बदलायचा नसेल आणि मोठे खेळ खेळायचे असतील, तर १२ किंवा १६ जीबी घेणे शहाणपणाचे. आर्क बी५८० घेणाऱ्याने आणखी एक गोष्ट पाहावी. त्याचा पूर्ण वेग मिळण्यासाठी मदरबोर्डच्या बायोसमध्ये ‘रिसायझेबल बार’ ही सोय असावी आणि ती चालू करावी लागते.

दोन पंख्यांचे कार्ड आणि झगमग दिव्यांचे तीन पंख्यांचे कार्ड, दोन्हींत चिप एकच असेल तर खेळाच्या वेगात फरक नाममात्र पडतो. दाम मात्र काही हजारांनी वाढते. दिव्यांचे पैसे वाचवून ते मेमरीत घालावेत.

प्रोसेसर आणि मदरबोर्ड : जोडी जुळली पाहिजे

गेमिंगच्या पहिल्या संगणकाला सहा कोरचा प्रोसेसर पुरेसा आहे. इंटेलचा कोर आय५ १२४००एफ, एएमडीचा रायझन ५ ५६०० आणि रायझन ५ ७६०० हे त्या वर्गातले ओळखीचे प्रोसेसर. या तिघांच्या बसण्याच्या जागा, म्हणजे सॉकेट, वेगवेगळ्या आहेत. रायझन ५ ५६०० ला एएम४, रायझन ५ ७६०० ला एएम५ आणि इंटेलच्या १२ व्या, १३ व्या व १४ व्या पिढीला एलजीए १७०० हे सॉकेट लागते. एकाचा बोर्ड दुसऱ्याला चालत नाही.

एएम४ जुने असल्याने स्वस्त पडते, पण त्यावर पुढे चढण्याच्या पायऱ्या थोड्या राहिल्या आहेत. एएम५ महाग पडते. परंतु एएमडीने या सॉकेटला २०२७ पर्यंत आणि त्यापुढेही साथ देण्याचे जाहीर केले आहे, म्हणजे काही वर्षांनी बोर्ड तोच ठेवून नवा प्रोसेसर बसविता येईल. ज्याला आज पैसा वाचवायचा आहे त्याने पहिला मार्ग घ्यावा, ज्याला पुढचा विचार करायचा आहे त्याने दुसरा.

नावापुढच्या अक्षराकडे दुर्लक्ष करू नये. इंटेलच्या ज्या प्रोसेसरपुढे ‘एफ’ आहे, त्यात स्वतःचे ग्राफिक्स नसते. कार्ड बसविल्याशिवाय त्याचा पडदा उजळत नाही. रायझन ५ ५६०० चेही तसेच. रायझन ५ ७६०० मध्ये मात्र लहानसे ग्राफिक्स असते. खेळासाठी ते अपुरे, पण कार्ड नसतानाही हिशोबाचे आणि अभ्यासाचे काम चालते. ७६०० च्या डब्यात पंखा मिळतो, ७६००एक्सच्या डब्यात मिळत नाही. तो वेगळा घ्यावा लागतो.

मदरबोर्डवर फार खर्च करू नये, तसा अगदी हलकाही घेऊ नये. रायझन ५ ५६०० ला बी५५०, रायझन ५ ७६०० ला बी६५० आणि इंटेलला बी६६० किंवा बी७६० या मालिकेतला बोर्ड मध्यममार्गी. एएम४ वर ए५२० बोर्ड स्वस्त मिळतो, पण त्याची जोडणी जुन्या पीसीआय एक्स्प्रेस ३ ची असते. आरटीएक्स ५०६० सारखी कार्डे फक्त आठच मार्गिका वापरतात. जुन्या जोडणीवर त्या मार्गिका अरुंद पडतात आणि कार्डाची स्वतःची मेमरी भरली की खेळ अडखळू शकतो.

रॅम : सध्याचा महाग जिन्नस

रॅमचे सध्या दोन प्रकार चालतात, डीडीआर४ आणि डीडीआर५. दोहोंची खाच वेगळ्या जागी असते, त्यामुळे एक दुसऱ्याच्या जागी बसत नाही. एएम४ ला डीडीआर४ आणि एएम५ ला डीडीआर५ लागते. इंटेलच्या एलजीए १७०० मध्ये दोन्ही प्रकारचे बोर्ड निघतात, म्हणून बोर्ड कोणता, हे आधी पाहून मगच रॅम घ्यावी.

२०२५ च्या अखेरीपासून रॅमचे भाव भडकले. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मोठमोठ्या डेटा केंद्रांसाठी सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या कारखानदारांकडील माल तिकडे वळला. डिसेंबर २०२५ मध्ये तर मायक्रॉनने ग्राहकांसाठीचा आपला ‘क्रुशल’ हा ब्रँडच बंद करण्याचे जाहीर केले. कापूस परदेशी गेला की इकडे सूत महागते, हा अनुभव आपल्या धंद्याला आहेच. त्यामुळे दोन वर्षांपूर्वीच्या एखाद्या व्हिडिओत दाखविलेले भाव हातात धरून दुकानदाराशी वाद घालण्यात अर्थ नाही.

१६ जीबी ही आजची किमान सोयीची मर्यादा. ती शक्यतो ८-८ जीबीच्या दोन पट्ट्यांत घ्यावी. दोन पट्ट्या एकाच वेळी काम करतात, म्हणून खेळ सुरळीत चालतो. मात्र बोर्डवर दोनच खाचा असतील, तर त्या भरून जातील आणि पुढे वाढ करताना जुन्या पट्ट्या काढाव्या लागतील. पुढे ३२ जीबी करायचे मनात असेल, तर चार खाचांचा बोर्ड घ्यावा.

साठवणीसाठी १ टीबीची एनव्हीएमई एसएसडी घ्यावी. साध्या साटा एसएसडीचा वेग सेकंदाला सुमारे ५५० एमबी असतो, तर पीसीआय एक्स्प्रेस ३ च्या चांगल्या एनव्हीएमईचा ३,५०० एमबीपर्यंत. त्याहून वेगवान माल बाजारात आहे, पण खेळात त्याचा फायदा फारसा दिसत नाही. तेथे जादा पैसे घालू नयेत.

एसएमपीएस : येथे कंजुषी नको

सर्व भागांना वीज पुरविणारा हा डबा बाहेरून दिसत नाही, म्हणून गिऱ्हाईक त्याच्याकडे पाहत नाही आणि दुकानदाराची बचत नेमकी येथेच होते. आमच्या ओळखीच्या नालासोपाऱ्याच्या एका शिलाई कारागिराने ७० हजारांचा संगणक जोडून घेतला. त्यात कॅबिनेटसोबत ‘फुकट’ मिळालेला बिननावाचा एसएमपीएस होता. दुसऱ्या पावसाळ्यात एका रात्री वीज जाऊन आली, तेव्हा तो जळाला आणि मदरबोर्डलाही घेऊन गेला. दुकानदाराने विचारले, “बिल कोठे आहे?” हातात होती फक्त कच्ची चिठ्ठी.

हिशोब सोपा आहे. आरटीएक्स ५०६० पूर्ण भारावर सुमारे १४५ वॅट घेते, रायझन ५ ७६०० सुमारे ८८ वॅट आणि बाकी सर्व भाग मिळून ५०-६० वॅट. बेरीज ३०० च्या आत येते. तेव्हा नामांकित कंपनीचा ५५० वॅटचा एसएमपीएस पुरतो. पुढे मोठे कार्ड घ्यायचे असेल तर ६५० चा घ्यावा. त्यावर ‘८० प्लस ब्राँझ’ हा शिक्का असावा. निम्म्या भारावर सुमारे ८५ टक्के वीज कामी येते, असा त्या शिक्क्याचा ढोबळ अर्थ. परंतु शिक्का फक्त बचतीचा आहे, मजबुतीचा नव्हे. म्हणून हमी किती वर्षांची, हेही पाहावे. पाच वर्षांची हमी देणारी कंपनी आपल्या मालावर भरवसा ठेवून असते.

वसईची हवा आणि वीज

आपला भाग खाडी आणि समुद्राच्या कडेचा. पावसाळ्यात हवा दमट, त्यात खारेपणा, आणि विजेचे जाणे-येणे नवीन नाही. म्हणून कॅबिनेट काचेच्या बंद तोंडाचे न घेता पुढून जाळीचे, पंखे असलेले आणि धूळ गाळणारी जाळी सहज निघणारे घ्यावे. ज्या घरात किंवा गाळ्यात शिलाईचे काम चालते, तेथे सुताची धूळ पंख्यांत बसते. दर महिन्या-दोन महिन्यांनी संगणक बंद करून ब्रशने ती काढावी. संगणक जमिनीवर ठेवू नये. पावसाचे पाणी घरात शिरणाऱ्या वस्त्यांत तर मुळीच नको.

६०० व्हीएचा साधा यूपीएस बहुधा ३६० वॅटचाच असतो. खेळ चालू असताना त्याच्यावर पूर्ण ओझे पडते. गेमिंगच्या संगणकाला १००० व्हीएचा, म्हणजे सुमारे ६०० वॅटचा यूपीएस घ्यावा. तो तासभर खेळण्यासाठी नसून काम जतन करून संगणक नीट बंद करण्यासाठी आहे, हे मुलांना सांगून ठेवावे. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे भिंतीतील प्लगला अर्थिंग आहे की नाही, हे वायरमनकडून तपासून घ्यावे.

माल कोठून घ्यावा?

मुंबईतील लॅमिंग्टन रोड, म्हणजेच डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, ही या मालाची जुनी पेठ. वसई रोडहून पश्चिम रेल्वेने निघून ग्रँट रोड स्थानकावर उतरले की पायी जाता येते. रविवारी बहुतेक दुकाने बंद असतात, तेव्हा इतर दिवशीच जावे. पहिल्या दिवशी फक्त भाव घ्यावेत. आठ भागांची यादी तीन दुकानांत दाखवावी आणि प्रत्येक भागाचे वेगळे दाम लिहून घ्यावे. ‘सगळे मिळून इतके’ असा भाव मान्य करू नये. ऑनलाइन भावही पाहून ठेवावा. स्थानिक दुकानदार पाचशे-हजार जास्त घेत असेल, पण बिघाड झाल्यास माल स्वतः सेवा केंद्रात पाठवीत असेल, तर तो फरक देण्यास हरकत नाही.

हमीच्या बाबतीत पुढील गोष्टी पाहाव्यात. प्रोसेसर बंद डब्यातला असावा. ‘ट्रे’चा सुटा प्रोसेसर स्वस्त असतो, पण डब्यातल्या मालाला मिळणारी कंपनीची तीन वर्षांची हमी त्याला नसते. बाहेरून आणलेल्या कार्डाला भारतात हमी मिळेलच असे नाही. प्रत्येक भागाचा अनुक्रमांक बिलावर लिहून घ्यावा. ऑनलाइन माल आला, तर खोके उघडताना मोबाइलवर चित्रण करावे. तक्रारीच्या वेळी तोच पुरावा. दुकानदार दाद देत नसेल, तर राष्ट्रीय ग्राहक मदतवाहिनीचा क्रमांक १९१५ आहे.

जुने कार्ड घेणाऱ्याने अधिक सावध राहावे. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या आभासी चलनाची खाणकामाची पद्धत बंद झाली, तेव्हा रात्रंदिवस राबविलेली कार्डे मोठ्या संख्येने जुन्या बाजारात आली. त्यांतली काही अजून हातोहात फिरत असतील. काही कार्डांवर तर वरचे नाव एक आणि आत चिप दुसरीच, असा प्रकार असतो. ‘जीपीयू-झेड’ हा फुकट मिळणारा छोटा प्रोग्रॅम अशी नक्कल पुष्कळदा ओळखून दाखवितो. तो समोर चालवूनच पैसे द्यावेत.

बिल, जीएसटी आणि हप्ते

संगणकाच्या भागांवर १८ टक्के जीएसटी आहे. नियमित योजनेत नोंदणी असलेला व्यापारी धंद्याच्या वापरासाठी घेतलेल्या संगणकावरील हा कर आपल्या देण्यातून वळता करून घेऊ शकतो. त्यासाठी बिलावर पेढीचे नाव आणि जीएसटी क्रमांक हवा. कंपोझिशन योजनेतील व्यापाऱ्याला ही सवलत नाही. आणि जो संगणक केवळ मुलाच्या खेळासाठी आहे, त्याचा कर धंद्याच्या खात्यात टाकता येत नाही. कायद्याने खासगी वापरावरील वजावट मना आहे. ‘बिलाशिवाय घ्या, १८ टक्के वाचतील’ असे कोणी म्हटले, तर त्या १८ टक्क्यांत हमीही जाते, हे ध्यानात घ्यावे.

‘नो कॉस्ट’ हप्त्यांविषयी अनेक वाचक विचारतात, विशेषतः जे व्याजापासून दूर राहतात ते. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्येच बँकांना बजावले होते की, क्रेडिट कार्डावरील शून्य टक्के हप्त्यांच्या योजनांत व्याज लपवून ते प्रक्रिया शुल्काच्या रूपाने ग्राहकाकडून घेतले जाते. आजच्या कार्डावरील योजनांत बहुधा व्याजाएवढी सूट दामात दाखवितात, बँकेच्या कागदावर मात्र व्याज लागते आणि त्या व्याजावर जीएसटीही. सही करण्यापूर्वी तो कागद वाचावा.

त्याहून सोपा मार्ग आहे. संगणक दोन टप्प्यांत घ्यावा. आधी रायझन ५ ७६००, बोर्ड, रॅम, एसएसडी, चांगला एसएमपीएस, कॅबिनेट आणि मॉनिटर रोखीने घ्यावेत. अभ्यास, हिशोब, डिझाइनचे काम त्याच दिवशी सुरू होते. पुढच्या हंगामात पैसे जमले की ग्राफिक्स कार्ड आणून बसवावे. मुलाला सहा महिने धीर धरावा लागेल, पण डोक्यावर कर्ज राहणार नाही.

ताब्यात घेताना तपासणी

संगणक दुकानात जोडून घेतला, तर चालू करून दाखवायला सांगावे व पुढील गोष्टी पाहाव्यात :

१. मॉनिटरची केबल ग्राफिक्स कार्डात लावली आहे ना? ती मदरबोर्डात लावली, तर कार्ड असूनही खेळ मंद चालतो.

२. बायोसमध्ये रॅमचा पूर्ण वेग, म्हणजे एक्सएमपी किंवा एक्सपो, चालू आहे ना? नसेल तर महाग रॅम स्वस्त रॅमसारखी चालते.

३. बोर्डावर चार खाचा असतील, तर दोन पट्ट्या बहुधा प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या व चौथ्या खाचेत बसवाव्या लागतात. बोर्डाच्या पुस्तिकेत चित्र असते.

४. मॉनिटर १६५ हर्ट्झचा असला तरी विंडोजमध्ये तो आकडा निवडावा लागतो, अन्यथा तो ६० वरच चालू शकतो.

५. एखादा खेळ अर्धा तास चालवून पाहावा. संगणक मध्येच बंद पडत नाही ना, जळका वास येत नाही ना, हे पाहून मगच पैसे चुकते करावेत.

विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, म्हणून विंडोज ११ च घ्यावे आणि ते परवान्याचे असावे. दुकानदाराने चोरीची प्रत टाकून दिली, तर त्याच संगणकावर आपले बँकेचे आणि जीएसटीचे पासवर्ड टाकायचे आहेत, हे विसरू नये.

खेळाचा पुढचा खर्च

संगणक घेतला की खर्च संपत नाही. खेळांत पोशाख, हत्यारे वगैरे विकत घेण्याची सोय असते आणि यूपीआयने पैसे एका बोटाने जातात. घरचा यूपीआय पिन मुलांच्या हाती देऊ नये. पैसे लावून खेळण्याचा प्रकार तर वेगळाच. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा संमत केला. त्यात पैशांच्या ऑनलाइन खेळांना मनाई आणि ई-स्पोर्ट्सला मान्यता आहे. हांगझोऊ येथे २०२३ मध्ये झालेल्या आशियाई खेळांत ई-स्पोर्ट्ससाठी पदके होती. खेळ आणि जुगार यांतला फरक कायद्याने केला आहे, तो घरातही करावा.

थोडक्यात सांगायचे तर, सर्वांत मोठा वाटा ग्राफिक्स कार्डाला द्यावा, एसएमपीएसमध्ये कंजुषी करू नये, दिवे आणि काचा यांवर पैसे घालू नयेत, बोर्ड-प्रोसेसर-रॅम यांची जुळणी कागदावर तपासावी आणि प्रत्येक जिनसाचे पक्के बिल घ्यावे. आणि दुकानात जाताना मुलाला बरोबर न्यावे. तीन दुकानांतले भाव त्यालाच लिहू द्यावेत. संगणक तर त्याला मिळेलच, सौदा कसा करावा हेही तो शिकेल.